तुझ्या ऑफिसचं उद्घाटन

सेनगाव, जीप स्टँड
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. शिवकन्या,

बापाचा आशीर्वाद घे. मी खुशाल हाय. तुझी आईबी खुशाल हाय, पण ती परवापासून माझ्याशी बोलंना, त्यामुळं तिची खुशाली मला तुझ्या काकूकडून कळून राहिली.

पत्र काहून लिहून राहिलो म्हणशील. घरून फोन केला तर सगळ्यांना ऐकायचं असतं. मी एक शब्द बोलणार अन् तुझी काकू मधीच धा. जीपमधून करावा तर मागचे पॅसिंजर सल्ले देतेत. म्हणून आपल्या गावची, साखऱ्याची गाडी भरंस्तोवर स्टेरिंगवर वही टेकवून लिहून राहिलो. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

गावाकडं बरं हाय. तूर काढून झाली, हरभरा घाट्यावर आला. संक्रांतीचे तिळाचे लाडू तुझ्या आईनं डबा भरून तुझ्यासाठी ठेवलेत, त्या डब्याला हात लावायची माझी टाप न्हाई. स्टँडावर माझ्या मागच्या नंबराला जीप लावणारा वसराम तुला विचारत होता. त्याची जीप अजूनबी धक्का दिल्याबिगर सुरू होत न्हाई, पण ऐट विमानाची हाय.

दिवाळीनंतर तुझा निकाल लागला, तवापासून मी हवेतच हाय बघ. तुझा फोन आला तवा गाडी भरलेली होती. म्या रस्त्यातच थांबवली, खाली उतरलो अन् टायराजवळ बसून रडलो. पॅसिंजरांना वाटलं पंक्चर झालं, ते बी उतरून टायर बघू लागले. एका म्हातारबानं विचारलं, "सी.ए. म्हणजे केवढं मोठं असतं?" म्या म्हणलं, "कलेक्टरचा हिशेब चुकला तर माझी लेक सांगते." बराबर का चूक ते तू ठरव, पण गावात आता तेच चालू हाय. लोक पीक विम्याचे कागद घेऊन घरी येतेत. एकजण तर म्हशीचं आधार कार्ड मिळंल का म्हणून विचारून गेला. तुझ्या आईनं त्याला चहा पाजून वाटं लावलं.

थांब जरा. दोन बाया आल्यात, त्यांचं पोतं टपावर टाकून येतो.

हं. आता संक्रांतीच्या फोनचं बोलू. मघापासून इकडंतिकडंच करून राहिलो मी.

तू म्हणलीस, "बाबा, मला आता वकिली करायची. कागद तपासायला मी शिकले, पण त्या कागदावरून कोर्टात उभं राहून बोलायचं तर वकील लागतो, अन् मला बोलायचंय. लॉच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म निघालाय. पण तुमी व्हय म्हणल्याबिगर मी भरणार न्हाई." अन् म्या म्हणलं, "हिशेब शिकलीस तेवढं बास न्हाई का? आता भांडणं शिकतीस?" म्या फोन ठेवून दिला. तवापासून ना तुझा फोन, ना माझा. फॉर्मची तारीख जवळ येऊन राहिली अन् तू माझ्या एका शब्दासाठी थांबलीस, हे मला ठाऊक हाय. पण मी तसं काहून बोललो, ते तुला ठाऊक न्हाई. सांगतो, पण हसू नको.

तुझा निकाल लागल्यावर म्या इथं स्टँडासमोर एक गाळा घेतला. तुझ्या ऑफिसासाठी. कोणालाच सांगितलं न्हाई. फक्त वसरामला सांगितलं, म्हणजे सगळ्या स्टँडाला सांगितलं. रंग दिला, टेबल आणलं, फिरती खुर्ची आणली. ती फिरते का बघायला सगळे जीपवाले एकेकदा बसून गेले. पेंटरकडून पाटी लिहून घेतली. संक्रांत झाली की तुला बोलावून घ्यायचं, डोळे झाकून आत न्यायचं अन् नारळ फोडायचा, असा बेत होता. अन् तू नेमकी संक्रांतीलाच वकिली काढलीस.

मला वाटलं, एकदा नारळ फुटला की पोरगी कुठं जाती, येतीच. म्हणून परवा उद्घाटन करून टाकलं. तू नसताना.

सरपंच आले, शाळेचे गुरुजी आले, सगळे जीपवाले आले. तुझ्या आईला साडी घ्यायला चल म्हणून सेनगावला आणलं होतं, तिलाबी बातमी नव्हती. खुर्ची रिकामी बरी दिसंना. वसराम म्हणला, पोरीचा फोटो ठेवू. बॅनरसाठी मोठा केलेला तुझा फोटो म्या फ्रेम करून ठेवलाच होता, तो खुर्चीवर उभा केला. सरपंचासाठी दोन हार आणले होते, त्यातला एक उरला. वसरामला वाटलं वाया काहून घालवायचा, त्यानं तो फोटोला घातला. समोर गणपतीपुढं लावलेली उदबत्ती जळूनच राहिली होती. देवाशपथ सांगतो, मला त्या गडबडीत काहीच खटकलं न्हाई. उलट वाटलं, लेक कशी शोभून दिसून राहिली.

तेवढ्यात जिवनबाई आली. माझ्या गाडीनं दवाखान्यात येणारी म्हातारी, तू तिला ओळखतेस. तिनं फोटो पाहिला, हार पाहिला, उदबत्ती पाहिली अन् उंबऱ्यातच बसकण मारली. "माणिकराव, कवा गेली हो तुमची लेक? मला कोणी सांगितलंबी न्हाई." अन् जो गळा काढला तिनं. तिचं ऐकून रस्त्यावरच्या आणखी दोघी आत येऊन रडू लागल्या, त्या तर तुला ओळखतबी न्हाईत. गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली. सरपंच पेढा तोंडात धरून तसेच उभे, गिळावा का थुंकावा कळंना.

तुझी आई तवाच साड्याच्या दुकानातून मला हुडकत आली. आधी तिला वाटलं स्टँडावर कोणी गेलं. मग तिनं तुझा फोटो पाहिला.

बाई, बत्तीस वर्षांच्या संसारात म्या तिचं तसं रूप पाहिलं न्हाई. एका हिसक्यात हार तोडला, बाहेर नालीत टाकला. फोटो काखंत मारला अन् सगळ्यांदेखत मला म्हणली, "जित्या लेकराला हार घालता? अन् तिला खुर्चीवर बसवायची एवढी घाई कशाची? फोटो बरा असतो, बसव म्हणलं की बसतो, कुठं जाईन म्हणत न्हाई. तुमाला तसलीच लेक पायजे होती का?"

माझी गाडी दारात उभी असतानी ती वसरामच्या गाडीनं घरी गेली. त्या गाडीला धक्काबी तिनंच मारला म्हणतेत.

जिवनबाईला समजावून सांगितलं की लेक पुण्यात ठणठणीत हाय, तवा ती डोळे पुसून हसायला लागली अन् सगळ्यात जास्त पेढे तिनंच खाल्ले. जाताना म्हणली, "मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. तुमची लेक आता शंभरी गाठती." म्हणजे बघ, आता तुझ्याकडं वक्तच वक्त हाय. वकिलीचे तीन वर्षं त्यात काय मोठे.

त्या दिशी रिकामी गाडी घेऊन साखऱ्याला निघालो अन् तुझ्या आईचंच बोलणं डोक्यात. तू लहान असतानी सुट्टीत माझ्या शेजारी बसून फिरायचीस. खिडकीवरून दोघं भांडले की तू मागं वळून विचारायचीस, कोण आधी बसलं, कोणाला उलटी होते. दोघांचंबी ऐकून घ्यायचीस अन् सांगायचीस, "उलटीवाल्याला खिडकी." चांगले मिशावाले गडी गुमान जागा बदलायचे. तवाच मला कळायला पायजे होतं, ही पोरगी नुसते हिशेब करून थांबायची न्हाई.

गाळा म्या वसरामच्या सुनेला देऊन टाकला. तिच्याकडं शिलाई मशीन हाय, घरात जागा न्हाई. पेंटर आत्ता शिडीवर चढून तुझ्या नावावर रंग मारून राहिला, मला इथून दिसून राहिलं. वाईट वाटंल असं वाटलं होतं, पण न्हाई वाटलं. तू वकील होऊन इकडं आलीस तर दुसरी जागा बघू. पुण्यात न्हाईतर मुंबईत राहिलीस तर आमी तिकडं येऊ, तुझं कोर्ट बघू. तिथं शिट्टी वाजवता येत न्हाई म्हणतेत, तेवढं मी सांभाळीन.

तवा व्हय. माझ्याकडून व्हय. पत्र हातात पडंल त्याच दिशी फॉर्म भर, शेवटच्या दिवसावर ठेवू नको. अन् भरला की आधी तुझ्या आईला सांग, म्हणजे आमच्या घरात बोलणं सुरू होईल.

गाडी भरली. वसराम मागून हॉर्न वाजवून राहिला, मी हललो न्हाई तर त्याचा नंबर लागत न्हाई. एक गोष्ट राहिली, ती लिहूनच निघतो.

वकिलीला माझा विरोध कधीच नव्हता. मला वाटलं होतं, परीक्षा सरल्या, आता लेकरू घरी आलं. सकाळी साखऱ्याहून निघायचं, तू माझ्या बाजूला बसणार, सेनगाव येईस्तोवर दोघं बोलत येणार. एवढ्यासाठी सगळं मांडलं होतं. त्या दिशी फोनवर "तुझी लई आठवण येते" असं म्हणायला गेलो, अन् तोंडातून भलतंच निघालं. कधी म्हणलो न्हाई ना तुला, सवय न्हाई. लई आठवण येते, शिवकन्या. तरीबी जा.

तुझी वाट बघणारा,
अन् तरी तुला जा म्हणणारा,
तुझा बाप
माणिकराव