पट्ट्याला तेल

२ फेब्रुवारी, रविवार

साखळी गेली! म्हणजे अख्खी गाडीच गेली — विकली. सूनबाईने नवी मोटरसायकल आणली आणि तिच्या मागच्या चाकाला साखळीच नाही. पट्टा आहे! काळा, दातेरी, रबरी. मुलगा म्हणतो, "बाबा, आतून धागे आहेत, तुटत नाही." याने आयुष्यात एक पट्टा तुटताना पाहिलेला नाही. मी लाकूड कापायच्या गिरणीत उभा जन्म पट्ट्यांबरोबर काढला. पट्टा तुटला की काम ठप्प. साखळीचं तसं नाही. कडी तुटली तर नवी कडी घाल, चालू लाग.

शिवाय सूनबाईचं काम जमीन मोजणीचं. रोज खडीचे रस्ते. पट्ट्यात एक खडा अडकला की संपलं. हे तिला कळत नाही असं नाही, माझ्यापेक्षा हुशार आहे. मग घेतला कशाला?

दर रविवारी सकाळी खाली बसून मीच साखळी साफ करायचो — ब्रशने घाण काढायची, ताण बघायचा, कडी-कडीला तेल. ही गेल्यावर मुलाकडे राहायला आलो, तेव्हापासून या घरात माझं म्हणावं असं तेवढं एकच काम होतं. आज पेपर दोनदा वाचला. जाहिरातींसकट.

४ फेब्रुवारी

खरं तेही लिहायला हवं. पट्टा आवाज करत नाही. सूनबाई फाटकातून आत आली तरी कळलं नाही, दचकलोच! तिच्या पँटला काळे डागही नव्हते. साखळीला माझ्या हातून तेल जास्त झालं की डाग पडायचे. ती कधी बोलली नाही, गुपचूप घासत बसायची.

तरी पण पट्टा तो पट्टाच.

६ फेब्रुवारी

ऐकायला नको होतं. स्वयंपाकघरात दोघं हळू आवाजात बोलत होते. सूनबाईला बढती मिळतेय — दुसऱ्या शहरात. पुढच्या आठवड्यात होकार कळवायचाय. आणि मग मुलाचा आवाज: "पण बाबांचं काय करायचं?"

पुढचं ऐकवलं नाही. खोलीत येऊन बसलो. साखळी काढली, आता माझी पाळी.

७ फेब्रुवारी

दात दुखतोय सांगून ताटावरून उठलो. कवळी दुखत नसते, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज राहवलं नाही. दोघं बाहेर गेले होते. पट्टा हाताने चाचपून पाहिला — कोरडा ठणठणीत! गिरणीत आमच्या चामडी पट्ट्यांना एरंडेल लावायचो, नाहीतर कडक होऊन तडकायचे. घरात बाटली होतीच. फडक्यावर घेतलं, चाक हाताने फिरवत आतून-बाहेरून सगळीकडे सारखं लावलं. काय चमकला म्हणून सांगू! म्हटलं, नव्या गाडीलाही माणूस लागतोच की. माणूस लागतो, तर माणसाला बरोबर न्यावंही लागेल.

उठताना भिंत धरावी लागली. पण कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

१० फेब्रुवारी

घोटाळा! चढावर पट्टा घसरला. कट् कट् करत दाते सोडायला लागला. सूनबाई पडली नाही, एवढं नशीब. मेकॅनिकने बघितलं आणि म्हणाला, "कुणी चोपडलं हे? याला तेलाचं वावडं असतं!" गाडी त्याच्याकडे टाकून ती बसने आली, लालबुंद होऊन. म्हणे हे फाटकावरच्या वॉचमनचंच काम — गाडी हलवू नको म्हणून त्याला बोलले होते ना, तो राग काढला. उद्या तक्रार करणार, सोडणार नाही.

मी समोरच बसलो होतो. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

आता सांगितलं तर माझं इथलं बस्तान उठलंच समजा. नाही सांगितलं तर त्या बिचाऱ्याचं.

११ फेब्रुवारी

सांगून टाकलं! चहाच्या वेळी, एका दमात. "सूनबाई, वॉचमनला काही बोलू नकोस. तेल मी लावलं. एरंडेल."

मुलाने कपाळाला हात लावला. सूनबाई मात्र हसत सुटली — "बाबा, पट्ट्याला जुलाब दिलात?" हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मलाही हसू आवरेना.

मग डोळे पुसत म्हणाली, "दुकानदार म्हणालाच होता, तुमच्या रस्त्यांना साखळीच बरी. पण साखळी पुसून झाली की तुम्ही उठताना मी खिडकीतून बघायचे. एकदा तर कितीतरी वेळ तसेच जमिनीवर बसून होतात. हात द्यायला यावं तर तुम्हाला वाईट वाटणार. नका करू म्हटलं तर ऐकणार थोडेच! म्हणून साखळीच काढून टाकली."

म्हणजे पट्टा माझ्या गुडघ्यांसाठी! आणि मी तिला मनातल्या मनात काय काय बोललो होतो. हुश्श झालं अगदी. छातीवरचा धोंडा उतरला.

१२ फेब्रुवारी

पट्टा वाचला! साबणाच्या पाण्याने धुऊन निघाला, बदलावा लागला नाही. मेकॅनिकचा निरोप आहे — काकांना म्हणावं, आता नुसतं लांबून बघा. बघतो बाबा, लांबूनच बघतो.

गुडघ्यांची काळजी आहे, हे कळलं. पण काळजी असणं वेगळं आणि बरोबर नेणं वेगळं. विचारायची हिंमत होत नाही.

१४ फेब्रुवारी

सूनबाई खोलीत आली. दाराशीच उभी. म्हणाली, "बाबा, उद्या होकार कळवायचा शेवटचा दिवस आहे. हे म्हणतात, तुमचं सगळं आयुष्य याच गावात गेलं, तुम्ही येणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी बढती सोडणार आहे. याल ना?" तिचा आवाज इतका घाबरलेला मी कधी ऐकला नव्हता.

हो म्हटलं. दोनदा म्हटलं — दुसऱ्यांदा मोठ्याने, स्वयंपाकघरात मुलालाही ऐकू जाईल असं.