खुंटीवरची चप्पल

दि. ४ फेब्रुवारी

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जावईबापूंचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. फोनवर मी नुसता हो-हो करतो आणि तू चिडतेस, म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे.

दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाला सहा दारं करून दिली. त्यातली दोन लागत नाहीत. वर घासतात आणि खाली बोट जाईल एवढी फट राहते. डॉक्टरीणबाईंनी कागदाची घडी करून फटीत खोचली आणि मला चहा दिला. त्या घडीपेक्षा दोन शब्द ऐकवले असते तर परवडलं असतं. त्याआधी समोरच्या शिंपीणबाईंच्या टेबलाचा खण अडकला आणि त्याच्याही आधी एक खिडकी. दीड-दोन वर्षं हेच चाललंय. अवजाराला नावं ठेवणाऱ्याला मी जन्मभर ‘नाचता येईना अंगण वाकडं’ असं ऐकवत आलो. आता स्वतःला वेगळं काय सांगू? हातच गेलाय.

म्हणून ठरवलं आहे, पंधरा मार्चला वर्कशॉपला कुलूप. कोपऱ्यावरचा फर्निचरवाला सगळी अवजारं एकगठ्ठा न्यायला तयार आहे. रंधे, पटाश्या, करवती, तुला काय हवं ते आधी कळव. काटकोन बघायचा गुण्या मात्र मी कुणालाच देणार नाही. या घरात सरळ असा तोच उरलाय.

जेवत जा वेळेवर. लोभ आहे, आणि तुलाही तो माहीत आहे.

बाबा

दि. ११ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. आता जे लिहिते आहे ते वाचून रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या घरचा नियम कुणाला सांगितला तर हसतात. अवजार उसनं नेलं की त्याच्या खुंटीवर स्वतःची एक चप्पल अडकवून जायची. एका पायावर किती दिवस फिरणार, म्हणजे अवजार परत येतंच, हा तुमचा हिशेब. पेन्सिलींना टोक करायला मी पटाशी शाळेत नेली होती आणि एका पायात चप्पल घालून वर्गात गेले होते, आठवतं? बाईंना वाटलं घरची परिस्थिती वाईट आहे. त्यांनी चपलांचा नवा जोड आणून दिला आणि तुम्ही तो परत करायला लाजत लाजत गेलात.

दोन वर्षांपूर्वी मी चित्रांच्या चौकटी करायला सुरुवात केली, तेव्हा तुमचा गुण्या नेला होता. डावी चप्पल अडकवली होती. तो माझ्या हातून जिन्यात पडला, बाबा. तिसऱ्या मजल्यावरून खालच्या फरशीपर्यंत आपटत गेला. त्याचा एक कोपरा जरा चेपलाय, तो माझ्यामुळे. गुण्या तपासायचा कसा हे तुम्हीच शिकवलंय: एक रेघ मारायची, गुण्या उलटा करायचा, त्याच जागी दुसरी मारायची. दोन्ही एकावर एक बसल्या तर तो सरळ. एवढंही मी केलं नाही. वाकडा निघाला तर तुम्हाला सांगावं लागलं असतं. गुपचूप टांगला आणि चप्पल घालून निघाले. सगळं नीट आहे ना, असं तुम्ही आतून विचारलंत. मी हो म्हणाले.

तुमच्या कामात चूक यायला लागली ती त्यानंतरच. हात तुमचा गेला नाही, गुण्या मी वाकवलाय. कुलूप लावायच्या आधी तो तपासा. पत्र आल्यापासून मला घास गिळवत नाही.

राग येईलच, पण पत्र बंद करू नका.

तुमची खटपटी

दि. २१ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न.

दहा दिवस झाले, उत्तर नाही. काल फोन केला तो तुमच्याकडे आलेल्या शिंपीणबाईंनी उचलला. म्हणाल्या की तुम्ही आठवडाभर गुणगुणत रंधा मारत होतात, आणि परवापासून गप्प आहात. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, तुम्हीच लिहाल म्हणाल्या. दोन ओळी तरी लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालतील.

खटपटी

दि. २६ फेब्रुवारी

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर मी मुद्दाम लिहिलं नव्हतं.

पहिलं पत्र वाचून राग यायला हवा होता. मला आनंद झाला, पोरी. कार्टीनं पाडला, कार्टीनं पाडला, असं मोठ्यानं म्हणत मी खोलीभर फिरलो. फर्निचरवाल्याला निरोप धाडला की काही विकायचं नाही. पटाश्यांना धार लावली. डॉक्टरीणबाईंना सांगितलं की दारं नवी करून देतो. असे आठ दिवस गेले. गुण्या मात्र खुंटीवरच होता. त्याच्याखालून जाताना मी मान वळवायचो. तुला उत्तरही म्हणूनच लिहिलं नाही.

मग शिंपीणबाईंनी सरळ विचारलं की तपासला का. मी उठलो. त्यांच्यादेखत गुण्या काढला, पेन्सिलीला टोक केलं, एक रेघ मारली, उलटा करून दुसरी मारली. मला दोन्ही रेघा मधोमध फाकलेल्या दिसल्या. मी खुशीत बाईंना म्हटलं, बघा केवढी फट आहे. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या की मला एकच रेघ दिसते. पुन्हा मारल्या. पुन्हा एकच म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

गुण्या सरळ आहे. तुझ्या हातून काहीही बिघडलेलं नाही, तेव्हा आधी जेव. खोटं ‘हो’ म्हणालीस त्याबद्दल कान पिरगाळायचाय, तो आल्यावर. पण तू आणि मी एकाच मापाचे. तू भीतीनं तपासला नाहीस, मी आशेनं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांचा पडदा झिजलाय, त्यामुळे सरळ रेघ वाकडी दिसते. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते इंजेक्शनांनी टिकेल म्हणाले. अंगण सरळच होतं. घरी आल्यावर मी रडलो, हे तुझ्यापासून कशाला लपवू? पण ते आठ दिवस मला तुझ्यामुळे मिळाले. मी पुन्हा सुतार होतो.

फर्निचरवाल्याला काही देणार नाही. पंधरा तारखेला टेम्पो घेऊन ये आणि सगळं ने. गुण्या सगळ्यात आधी काढ. काढताना सवयीनं चप्पल काढायला वाकशील.

वाकू नकोस. दोन्ही चपला पायात घालून जा.

लोभ होता तसाच आहे.

बाबा