पंचकल्याणीचा डावा पाय

८ जानेवारी, बुधवार
पंचकल्याणी डावा पाय टेकत नाही. तळव्याला सूज, मधोमध हरभऱ्याएवढी काळी खपली. रोज सकाळी तुळशीपुढे दिवा लावताना ती माझ्याशेजारी येऊन बसते. आज लंगडत आली, पण आली. देवीला नमस्कार केला आणि ठरवलं, उपचार घरीच करायचा. आमचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या शिलेदार घोडदळात होते. ज्या घराने घोड्यांचे खूर सांभाळले, त्याला कोंबडीचा एक पाय जड नाही.
भवानी म्हणाली, कोंबडीला खूर नसतो. नाव ठेवलं तेव्हाही म्हणाली होती की पंचकल्याणी घोड्याचे चार पाय पांढरे लागतात, हिला आहेतच दोन. बायको माझी, पण घोडदळातली नव्हे.

९ जानेवारी
एरंडेल, मेण, हळद, थेंबभर डांबर. खुराचं तेल, वडिलांनी सांगितलेलं. प्रमाण विसरलो, अंदाजाने घेतलं. लावताच तिने पाय माझ्या शर्टाला पुसला. तोच शर्ट घालून कडकोळला कारखान्यात कामावर. स्टोअरमध्ये आज माझ्याजवळ कुणी बसलं नाही.

११ जानेवारी, शनिवार
सूज वाढली. म्हणजे आतलं बाहेर येतंय. चांगलं लक्षण.
स्मृतीने मोबाइलवर काहीतरी वाचलं. म्हणाली, अप्पा, खुराड्याची फरशी काढा, सुम्ने हट्ट नको. मुलीला ‘उगाच’ कानडीतच सुचतं; मराठी चार शब्द येतात, त्यात हट्ट आहे.
फरशी काढणार नाही. खुराडं मी माझ्या हाताने बांधलंय. तबेल्यासारखी दगडी फरशी, आणि झोपायला माझ्या डोक्याच्या उंचीवर सागवानी फळी. घोड्याला ओल बाधते, दगड कोरडा राहतो. असं खुराडं म्हैसुरात दुसरं नसेल.

१३ जानेवारी, सोमवार
आणखी सुजलं. रजा टाकून जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. कोमट पाण्यात मीठ घालून पाय शेकायचा, खपली मऊ झाली की जखम धुऊन मलम, वर पट्टी. खाली पेंढा. फळी गुडघ्याच्याही खाली. म्हणाले, इतक्या उंचावरून रोज दगडावर उडी मारली तर तुमचाही पाय फुटेल.
मीठ-पाणी मान्य. फळीचं बघू. डॉक्टर तरुण आहेत, घोडा जवळून पाहिलेला नसावा.

१४ जानेवारी, संक्रांत
पहाटे बादलीत मीठ-पाणी. तिने एकच झेप घेतली. बादली आडवी, पाणी भवानीने मांडून ठेवलेल्या एळ्ळू-बेल्लाच्या ताटात. तीळ, गूळ, शेंगदाणे, सगळं खारट. शेजारी वाटायला काही उरलं नाही.
भवानी ओरडली नाही, हे जास्त वाईट. शांतपणे म्हणाली, "रविवारपर्यंत हिने पाय टेकला तर टेकला. नाहीतर सयाजी घेऊन जाईल."
सयाजीराव तिचा भाऊ, येलवालला असतो. त्याच्या घरी रविवारी काय शिजतं, ते लिहवत नाही.

१६ जानेवारी
पट्टी बांधली. तिने काढली. बांधली. तिने खाल्ली.
तिला आता फळीवर चढता येत नाही. बाकीच्या दोघी वर आणि ही खाली, हे बरं दिसत नाही. तिचा मान राहावा म्हणून संध्याकाळी मीच उचलून वर ठेवतो. सकाळी धप्प आवाज येतो. मी तेव्हा स्तोत्र मोठ्याने म्हणतो.

१८ जानेवारी, शनिवार
दाणा खात नाही. तुळशीपाशी आली नाही. मीच उचलून आणली, मांडीवर घेतली. अंग गरम. देवीला म्हटलं, माझा पाय घे, हिचा सोड. मनापासून म्हटलं. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली.
माझा पाय ठणठणीत आहे.

१९ जानेवारी, रविवार
सयाजीराव आला. म्हणाला, "दाजी, पाहुणी म्हणून नेतो."
भवानीने पिशवीत मलम आणि चिठ्ठी टाकली. मी खुराच्या तेलाची बाटली टाकली. तिने ती काढून ठेवली.  

२६ जानेवारी, रविवार
भवानी भावाशी फोनवर बोलत होती. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तिने आत येऊन सांगायला तोंड उघडलं, मी कान झाकले. ती म्हणाली, साकु, पुरे झालं. मग काही सांगितलं नाही.
मटणाच्या दुकानावरून जात नाही आता. लांबून जातो.

९ फेब्रुवारी, रविवार
राहवलं नाही. येलवालला गेलो. अंगणात मातीवर पेंढा पसरलेला, बसायला विटांवर टेकवलेला एक बांबू. आणि पंचकल्याणी. दोन्ही पायांवर.
मी हाक मारली. तिने मान वळवून पाहिलं आणि पळाली. काय पळाली! सरळ सयाजीरावाच्या पायांमागे. लंगडण्याचं नाव नाही.
त्याला विचारलं, काय केलंस. म्हणाला, "चिठ्ठीत होतं तेच, दाजी."
तिथेच ठेवून आलो. भवानीला म्हटलं, हवापालट सोसतोय तिला. खुराच्या तेलाचा गुण उशिरा दिसतो, हेही म्हणणार होतो.
दिवेलागणीच्या आधी खुराड्यात गेलो. दुसरी कोंबडी फळीच्या टोकाला, उतरायच्या बेतात. मी खाली दोन्ही हात पसरून उभा राहिलो. तिने मला नीट पाहून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे उडी मारली. दगडावर. धप्प.
उजवा पाय उचलून उभी आहे.
करवत शोधायला लागलो. भवानीने ती संक्रांतीपासून दाराआड तयार काढून ठेवलीय.