झाकणाच्या आतल्या दोन खुणा

४ फेब्रुवारी
दादा स्वतः सुदामा नगरला माझ्या घरी आला. रुमालात बाबांचं क्रोनोग्राफ घड्याळ. बाबा गेले तेव्हा इंजिनियर मुलाला घड्याळ मिळालं आणि घड्याळसाज मुलाला, म्हणजे मला, सायकल. तेव्हापासून ते लॉकरात. मी एकदाही मागितलं नाही.
"मुंबईचा एक जुनी घड्याळं विकत घेणारा कलेक्टर बघायला येतोय यार. सर्व्हिस कर, आणि सब ओरिजिनल आहे म्हणून लिहून दे. तुझ्या सहीला वजन आहे."
वजन! माझ्या दुकानाची पायरी कधी चढला नाही हा.

५ फेब्रु.
सकाळच्या उजेडात नुसतं बघत बसलो. काळी डायल, तीन छोटी वर्तुळं, कडेला वेग मोजायचे आकडे. गिरणीतल्या गोऱ्या इंजिनियरने देश सोडताना बाबांना दिलेलं. बाबा गिरणीच्या शाळेत पीटीचे मास्तर, शर्यतींचं टायमिंग तेच घेत. वरचं बटण दाबलं की लांब काटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की आत बदामाच्या आकाराच्या चकतीवर हातोडी पडते आणि काटा कुठेही असो, टक्कन बारावर. इतकी देखणी युक्ती दुसरी नसेल.
चावी दिली, चाललं. बटणं मात्र अडकलेली.

६ फेब्रु.
झाकण उघडलं. आमच्यात प्रत्येक कारागीर झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि महिना कोरतो, पुढच्याला कळावं आधी कोणाचा हात लागला. आत माझाच 'अ', ३-७६. तेव्हा उस्तादांच्या दुकानात काम शिकत होतो. बाबांनी विश्वासाने दिलेलं पहिलं घड्याळ, हे आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो.
खाली चंद्रकोर. ४-७६. ती उस्तादांची.
महिन्याभरात पुन्हा का उघडावं लागलं?

७ फेब्रु.
कळलं. हातोडी मूळची नाही. हाताने घडवलेली, झिलई वेगळी. मग सगळं आठवलं. काटा बाराच्या एक रेघ पुढे थांबत होता. काटा काढून नीट बसवायचा, ते सोडून मी हातोडीलाच कानस मारली होती! त्या दिवसापुरता बारावर आला. बाबांनी बटण दाबून पाहिलं, म्हणाले, "झकास." मला एवढंच माहीत होतं.
उस्तादांसमोर पुढे सहा वर्षं बसलो, रोज एकाच केटलीतला चहा. याबद्दल एक शब्द नाही. पण क्रोनोग्राफ पुन्हा माझ्या हातात दिलं नाही. मी समजायचो, तशी गिऱ्हाइकंच येत नाहीत.
सौ. म्हणाली, "अहो, पचास साल हो गए, सोडा ना आता."
जेवलो नाही.

९ फेब्रु.
दादाला फोन केला. तुला माहीत होतं?
"अरे, मीच तर घेऊन गेलो होतो उस्तादजींकडे. बाबांनीच मना केलं होतं सांगायला. म्हणाले, कळलं तर काम सोडून देईल तो. अब क्या पुरानी बातें लेके बैठा है यार. ते लिहून झालं का?"
म्हणजे हातोडी बदललेली माहीत असून ओरिजिनल लिहून मागत होता. फोन ठेवून दिला.
सांगितलं असतं तर दोन दिवस रडलो असतो. मग शिकलो असतो. पुढे स्वतःच्या दुकानात किती हातोड्यांना कानस मारली, देव जाणे. बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकात वाचलं तेव्हा समजलं की तसं करायचं नसतं. मला सांभाळलं म्हणे तिघांनी. कामाला लायक समजले नाहीत, असं का नाही म्हणत?

११ फेब्रु.
सर्व्हिस झाली. खालचं बटण वीस वेळा दाबलं. काटा प्रत्येक वेळी बारावर. उस्तादांची हातोडी अजून केसभर चुकत नाही. राग येतो आणि हातही जोडावेसे वाटतात.
कागद लिहिला: 'हातोडी मूळची नाही. मूळची मी बिघडवली, मार्च ७६.' खाली सही. उद्या दादा येईल, वाचेल, आणि बहुतेक पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही.
चंद्रकोरीखाली आजची खूण कोरायला सुई घेतली. जागा आहे. बाबा असते तर आजही बटण दाबून झकासच म्हणाले असते. मग काम खरंच जमलंय का, हे मी कशावरून समजायचं?
सुई बाजूला ठेवली. झाकण अजून उघडंच आहे.