पुढच्या वर्षाची रांग

प्रिय दादा,

आधी खुशाली सांगते. बोट तरंगते आहे, मीही तरंगते आहे आणि पोटात अजून काही ढवळलेलं नाही. निघताना ह्यांचा चेहरा असा झाला होता, जणू मी परत येणारच नाही. देवांची पूजा त्यांच्यावर सोपवून आले आहे. देव सांभाळून घेतील त्यांना. इथे खोलीत दिवा लावायला मनाई आहे, आगीच्या भीतीने. म्हणून सकाळी पाण्यातून सूर्य वर येतो, त्यालाच दिवा मानून हात जोडते. तेलही वाचतं.

मी का आले ते तुला ठाऊक आहे. वहिनीने दर वर्षीप्रमाणे ह्या सफरीसाठी तुम्हा दोघांच्या नावाने पैसे भरून ठेवले आणि मग वहिनीच राहिली नाही. तू म्हणालास, जाऊ दे, बुडाले पैसे. ‘जाऊ दे’ माझ्या कानांना सोसत नाही. भरलेलं वाया जाऊ नये म्हणून तिच्या जागी माझं नाव घालून घेतलं. तू स्वतः आला नाहीस आणि तुझी जागा कुणाला देऊही दिली नाहीस, म्हणून दुसरा पलंग रिकामाच आहे. खोली आवरणाऱ्या पोराला म्हटलं, त्यावरची चादर कशाला रोज बदलतोस, धुण्याला साबण लागतो. तो म्हणाला, पलंग दोन आहेत, मावशी, मला दोन्ही करावेच लागतात. संध्याकाळी दोन्ही उशांवर एकेक चॉकलेट ठेवून जातो. तुझं मी साबणाच्या रिकाम्या डबीत जमा करते आहे. डबी आधी धुतली आहे.

पण खरं सांगू का, पैशापेक्षा मला ते कोडं जास्त छळत होतं. जमिनीवर एवढ्या जागा पडल्या असताना माणसाने पैसे देऊन पाण्यात का जाऊन बसावं, आणि तेही दर वर्षी, त्याच बोटीवर? वहिनीला विचारलं की हसून म्हणायची, आल्याशिवाय कळायचं नाही, वन्सं. म्हणून आल्यापासून दिसेल त्याला विचारत सुटले आहे. एक सुखवस्तू बाई म्हणाल्या, सामान एकदाच कपाटात लावायचं आणि मग गावं आपणहून दाराशी येतात. हे मला पटलं. भटारखाना दाखवतात, तिथे पाव भाजणाऱ्याला विचारलं, उरलेल्याचं काय करता. तो म्हणाला, उरू देत नाही. हे त्याहून पटलं. शिवाय सगळं आधीच भरलेलं, त्यामुळे पर्स उघडावीच लागत नाही. माझी हिशेबाची वही लग्नानंतर प्रथमच कोरी आहे. रोज रात्री उघडते, तारीख घालते आणि मिटते.

तरीही मनाचं समाधान होईना. एवढ्यासाठी माणूस एकदा येईल, दुसऱ्यांदा कशाला येईल?

उत्तर जेवणाच्या टेबलावर मिळालं. इथे प्रत्येकाचं टेबल ठरलेलं असतं, आणि मला मिळालं ते तुमचंच. ते म्हातारे घड्याळजी आणि त्या दोघी शाळामास्तरणी बहिणी माझ्या मागे दाराकडे बघत होत्या. मी वहिनीचं सांगितलं. घड्याळजींनी उठून माझी खुर्ची ओढून दिली. मग थोरल्या बाईंनी विचारलं, आणि ते? ते कुठे आहेत? आता आम्हाला कॅप्टनची नक्कल कोण करून दाखवणार?

मला वाटलं, ह्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. माझा भाऊ आणि नक्कल? पण घड्याळजींनी तुझी नक्कल करून दाखवली, तू कॅप्टनची करायचास ती, आवाज कॅप्टनचा आणि भाषा तुझ्या खात्याच्या नोटिशीची. नागरिकांना कळविण्यात येते की उद्या पाणीपुरवठा बंद राहील, तरी सर्वांनी खिडकीतून बाहेर पाहून समाधान मानावे. दादा, मी इतकी हसले की पदर तोंडात धरावा लागला. पाणी खात्यात जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकून तू घरी यायचास आणि ‘हं’ एवढंच बोलायचास. निवृत्त झालास तरी तुझं तोंड कचेरीसारखं पाच वाजता बंद व्हायचं. धाकट्या बाई म्हणाल्या, तुमच्या वहिनी काय सांगायच्या माहीत आहे? अकरा महिने मी हेडक्लार्कशी संसार करते, आणि बोटीवर आले की नवऱ्याशी.

तेव्हा कुठे कळलं मला, वहिनी हसायची ते का.

आज सकाळी जेवणघराबाहेर रांग दिसली. पुढच्या वर्षीची जागा उतरण्याआधीच धरून ठेवणाऱ्यांची. घड्याळजी काठी टेकून सगळ्यांत पुढे होते. मी विचारलं, आजोबा, ह्या वयात वर्षभर आधी पैसे भरता? ते म्हणाले, बाई, वर्षभर औषधं वेळेवर घ्यायला काहीतरी कारण नको का? आणि म्हणाले, रांगेत पहिला नंबर तुमच्या वहिनीचा असायचा.

मी खोलीत गेले, पर्स आणली आणि रांगेत उभी राहिले. गच्चीच्या गळतीसाठी ठेवलेल्यातले पैसे भरले. गच्ची आणखी वर्षभर गळेल, बादली आहे घरात. जागा दोन धरल्या, एक तुझ्या नावाने आणि एक माझ्या, पलंग वेगळे, टेबल तेच. भरलेले पैसे परत मिळत नाहीत आणि आधी भरण्याच्या ह्या सवलतीत नावही बदलून मिळत नाही. दोन्ही गोष्टी मी दोनदा विचारून घेतल्या आणि मगच भरले. तुझ्या बहिणीने कधी पैसे वाया घालवलेत का, ते तूच आठव. वहिनी गेल्यापासून तू जिना उतरलेला नाहीस, दूधसुद्धा दोरीने टोपलीत वर घेतोस. हे पत्र मिळेल तोवर मी घरी पोचलेली असेन. त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी चॉकलेटांची डबी घेऊन तुझ्याकडे येते. डबी मी टोपलीत ठेवणार नाही आणि वरही येणार नाही, गुडघा दुखतो. खाली पहिल्या पायरीशी उभी राहीन. तू उतर.

तुझीच,
खजिनदार