पाचर

३ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! उजव्या हाताला आता अंगठा आणि करंगळी. मधली तीन बोटं प्रेस नंबर चारने खाल्ली. आज बारा दिवस झाले.

४ मार्च

बायको शर्टाची बटणं लावत होती. खेकसलो तिच्यावर. म्हणाली, "मशीनचा राग माझ्यावर कशाला?" बरोबर होतं तिचं. म्हणून जास्तच राग आला.

७ मार्च

सुपरवायझर घरी आला. हातात सफरचंदं, खिशात टाइप केलेला कागद. "पाचर मी मारली, चूक माझी — एवढं मान्य कर. गेटवर बसायचं काम देतो." नाही केलं तर? "मग चौकशी. तिथे चूक तुझी ठरली, की नोकरी गेली. माझ्या हातात काही नाही."

त्याच्या हातात काही नाही! दहाच्या दहा बोटं आहेत की.

प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडतो — हात आत राहू नये म्हणून. पण तसं करत बसलं तर शिफ्टला बाराशे नग निघतात होय? म्हणून उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकायची. बटण दाबलेलंच राहतं. मग डाव्याने दुसरं बटण, उजव्याने पत्रा. सगळी लाइन अशीच चालते. सुपरवायझरनेच सांगितलेलं! आणि आता चूक माझी? चोर तो चोर, वर शिरजोर. कागद परत दिला. सफरचंदं ठेवून घेतली.

९ मार्च

साडू आला. शेजारच्याच प्रेसवर असतो. चौकशीत त्याला बोलावलंय. म्हटलं, फक्त खरं सांग, दुसरं काही नको. चहा पार निवला तरी फुंकत बसला. "बघू हो दादा."

बघू म्हणे.

१० मार्च

नसलेली बोटं खाजतात. कुठे खाजवू?

१३ मार्च

चौकशी झाली. साहेबांनी साडूला विचारलं, "पाचर मारायला कुणी शिकवलं?" तो खाली बघत म्हणाला, "यांनी. कामाच्या पहिल्याच दिवशी." आणि बोट माझ्याकडे! सुपरवायझर खिडकीबाहेर बघत होता. मी "खोटारड्या!" म्हणून ओरडलो. घरी येऊन बायकोला म्हटलं, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याने केसाने गळा कापला.

१४ मार्च

साडू खोटं बोलला नाही. मीच शिकवलं. त्याच्याआधी आणखी नऊ जणांना. पाचरी मी घरी तासायचो, नव्या माणसाच्या हातात ठेवायचो, वर पाठ थोपटायचो. सुपरवायझर तोंडाने कधी बोललाच नाही. तो फक्त पाठ फिरवायचा.

पहिली पाळी सुरू झालीय. साडूच्या बटणात मी तासलेलीच पाचर असणार. फोन लावतोय — उचलत नाही.