दवाखान्यामागचा बाक

चिमणे,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. बाबांना गोळी दे.

मी चर्चमध्ये कन्फेशनला गेलेय. फादर दर रविवारी तुझी चौकशी करतात आणि मी "तिला ड्युटी असते" असं ठोकून देते. त्याच तोंडाने रोज रोझरीची प्रार्थना म्हणवत नाही गं आता.

तू रविवारी चर्चमधल्या दुसऱ्या मिस्साला म्हणून निघतेस आणि दवाखान्यामागच्या बाकावर तासभर बसून परत येतेस, हे मला कधीचं ठाऊक आहे. माझं मन राखायला बसतेस, तेही कळतं. येत्या रविवारी पाऊस सांगितलाय. घरीच राहा. मी काही विचारणार नाही.

संध्याकाळी रोझरीला तुझी खुर्ची मात्र मांडीन. तू बसली नाहीस तरी ती उचलू नकोस.

आई